हिरव्या बनातीचं दार

मार्लकोट,
हेरफर्डशायर
९ सप्टेंबर १९५४

प्रिय लायनेल,

तुझं पत्र पोचलं आणि मटणाचे डबेही. इथलं मटणाचं रेशनिंग जुलैत उठलं, हे तुला तिकडे कुणी सांगितलेलं दिसत नाही. पण पाठवत राहा. डोर्कसच्या मते न्यूझीलंडची मेंढी इकडच्या मेंढीपेक्षा गरीब स्वभावाची असते, लवकर शिजते. आता घरात डोर्कस एकटीच उरली आहे. स्वयंपाक तिच्याकडे, झाडलोट तिच्याकडे, आणि मला भांडायला कुणी हवं असलं तर तेही तिच्याकडेच.

सफरचंदं यंदा उदंड आली आहेत. तोडायला माणूस नाही. झाडाखाली सडतात आणि गांधीलमाश्यांची दिवाळी चालते. पपांचा गुडघा तसाच आहे. एक्याऐंशी वर्षांचे झाले तरी रात्रीच्या जेवणाला टाय लावून उतरतात. छतातून गळणाऱ्या पाण्याखाली मी बादली ठेवते, तिचा आवाज सुरू झाला की ते घसा खाकरून मोठ्यानं बोलायला लागतात. बादलीचा उल्लेख जेवणाच्या टेबलावर होत नाही.

आता मुद्द्याचं. घर पाडायचं घाटतंय. घराच्या विश्वस्तांनी पपांना स्पष्टच सांगितलं. लढाईत पलटण राहून गेली तेव्हापासून छप्पर गेलंय, भिंतींना ओल धरलीये, एवढं मोठं धूड विकत कोण घेणार? आजूबाजूची तीन मोठी घरं याच दोन वर्षांत गेली. पाडणारे येतात, दारं-खिडक्या, शिसं, फरशा नेतात आणि उरलेलं गाडून टाकतात.

एकच वाट आहे. लंडनला जुन्या घरांसाठी सरकारची एक समिती निघाली आहे. त्यांचा माणूस पुढच्या महिन्यात येणार. घर खरोखर जुनं आहे, राखण्याजोगं आहे असं त्यानं लिहून दिलं, तर पाडकाम थांबेल आणि छप्परही सरकार दुरुस्त करील. त्यानं नाही म्हटलं, तर संपलं. पपांचं मागणं फार मोठं नाही रे. ज्या पलंगावर जन्मले त्याच पलंगावर मरायचंय, बस्स.

म्हणून त्यांची तालीम चालू आहे. एलिझाबेथ राणी मुक्कामाला होती ती खोली, दारावरचा १५८३ सालचा दगड, दिवाणखान्यातल्या काळ्या तुळया, सगळं मला पाहुणा करून रोज दाखवतात. तू हसू नकोस. तो खिळा मी विसरलेले नाही. सोळा वर्षांचा होतास. दिवाणखान्यातल्या तुळईची फळी चाकूनं उचकटलीस, आतला यंत्रावर केलेला तारेचा खिळा काढलास आणि बिशपसाहेब जेवायला बसलेले असताना पपांच्या ताटलीत ठेवलास. "राणी एलिझाबेथच्या काळचा खिळा, पपा. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातला." बिशपांना ठसका लागला. पपांनी तुझ्याशी बोलणं टाकलं ते आजतागायत. बडा घर पोकळ वासा, हे तुला कळलं हे ठीक. पण ते पाहुण्यांदेखत?

आजोबांनी बटणांवर पैसा केला, इथलं जुनं शेतघर घेतलं आणि त्याची लाज वाटली म्हणून पुढून हा सगळा राणीच्या काळचा थाट चढवला, हे तुला-मला ठाऊक आहे. पपांना ठाऊक आहे की नाही, मी कधी विचारलं नाही. मी एवढंच सुचवलं की त्या माणसाला मागची बाजूही दाखवू, गळतं तिकडेच जास्त. तर म्हणाले, "मागे काय आहे? धुणं आणि नोकर."

इकडे ये म्हणून आग्रह करत नाही. पण पत्रात पपांसाठी दोन ओळी घालत जा. वाचतात की नाही ते मी सांगणार नाही, तू घालत जा.

तुझी,
हेस्टर

*

मार्लकोट
२ नोव्हेंबर १९५४

प्रिय लायनेल,

थंडी पडली. डोर्कसच्या बोटांना भेगा पडल्यात आणि जीभ मात्र शाबूत आहे. तुझ्या मेंढ्यांना तिकडे वसंत लागला असेल. ऐकून बरं वाटतं की कुठेतरी काहीतरी जन्माला येतंय.

तो माणूस येऊन गेला. टीस्डेल नाव. स्टेशनवरून सायकल भाड्यानं घेऊन आला, विजारीला चिमटे लावलेले, चष्म्यावर पाऊस. अगदी पोरसवदा. पपा पायरीवर उभे. मला वाटलं होतं की त्याच्या हातात मोजायची फीत आणि बॅटरी बघून ते बिचकतील. छे! असे खुलले की विचारू नकोस.

"हा दगड बघा," पपा म्हणाले. "पंधराशे त्र्याऐंशी."

टीस्डेलनं मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं. "आकड्यांचं वळण मोठं सुबक आहे, सर. थोडं... अलीकडचं वाटतं."

"पुन्हा कोरून घेतले असतील."

"असतील," तो म्हणाला. फार सुसंस्कृत मुलगा.

दिवाणखान्यात त्यानं तुळईवर बोटाच्या पेरानं टकटक केली. आवाज कसा आला असेल ते तुला सांगायला नको. पपा आणखी जोरात बोलू लागले, बादलीच्या वेळी बोलतात तसे. राणीच्या खोलीत टीस्डेलनं विचारलं, "कुठल्या सालच्या दौऱ्यात आल्या होत्या, सर?" पपा म्हणाले, "दौऱ्यात नाही. पाऊस लागला म्हणून थांबल्या." आता राणी पावसाला अडली असेलही, या भागात कोण अडत नाही! पण त्या मुलानं वही मिटली ती मी पाहिली.

तरी त्याची माणुसकी बघ. जिन्याखाली आल्यावर त्यानंच विचारलं, "घराला मागची बाजू आहे ना? तिथलं छप्पर पाहता येईल? एखादा माळा वगैरे?"

समोरच नोकरांच्या बाजूचं ते हिरव्या बनातीचं दार. आपण लहानपणी त्याच्यावर डोकं टेकवून पलीकडच्या मोलकरणींचं हसणं ऐकायचो, पण ढकलायची छाती झाली नव्हती. लढाईपासून ते बंदच आहे. डोर्कसही आता स्वयंपाकघराशेजारी झोपते. ती किटली घेऊन उभी होती, ती बोललीच. "माळा आहे की साहेब, मी तीस वर्षं झोपलेय तिथे. पण नुसती काजळी पडते हो आढ्यातून, दर वसंतात चुना मारला तरी..."

"डोर्कस," पपा म्हणाले. "चहा गार होतोय."

झालं. पाहुण्याला कुणी त्या दारातून नेत नाही. पपांच्या वडिलांनी नेलं नसतं, मीही नेलं नसतं, आणि चांगल्या घरातला पोरगा असल्यामुळे टीस्डेलनं हट्ट धरला नाही. त्यानं दोन कप चहा घेतला, डोर्कसच्या आलुबुखाराच्या केकची तारीफ केली आणि पावसात निघून गेला. डोर्कस नंतर मला म्हणाली, "मी काय चूक बोलले? तुमच्या आईसाहेबांना सांगितलं होतं काजळीचं, तर त्यांनी मला झोपताना घालायला टोपी दिली."

अहवाल काल आला. 'गेल्या शतकात केलेली जुन्या शैलीची नक्कल. जतन करण्याजोगं काही नाही.' एवढंच. पपांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "पोर आहे अजून. शिकेल." मग जेवणाला टाय लावून उतरले.

विश्वस्तांनी सही केली आहे. नाताळ झाला की आम्ही बागेच्या टोकाला, पूर्वी माळी राहायचा त्या घरात जाणार. पपांचा पलंग तिथल्या दारातून जात नाही. सुतार म्हणाला, पलंगाचे खांब कापू. पपा म्हणाले, "आधी माझे पाय काप." पलंग लिलावात जाईल.

पपांची तब्येत तशी बरी आहे. तू काळजी करू नकोस, आणि घर गेलं म्हणून मनातल्या मनात शाबासकीही घेऊ नकोस.

तुझी,
हेस्टर

*

मार्लकोट
२७ फेब्रुवारी १९५५

प्रिय लायनेल,

तुझं जानेवारीचं पत्र मिळालं. मे महिन्याच्या बोटीचं तिकीट काढू का म्हणून विचारलंस. त्याचं शेवटी लिहिते.

बर्फ फार पडलाय. रस्ता बंद, कोळशाची गाडी दोनदा परत गेली. माळ्याच्या घराला दोन खोल्या आहेत आणि दोन्हींतून वारा जातो. डोर्कसनं माझ्या जुन्या पार्टीच्या गाऊनचा पडदा करून दाराला लावलाय. निळा रेशमी. तुला आठवणार नाही. मी तरी कुठे घालून मिरवला! डोर्कस म्हणते, "निदान आता कामाला आला." तिला फटकवावंसं वाटतं, पण हसूही येतं.

पपांचं विचारलंस. सांगते. आधी घराचं सांगू दे.

पाडणारे जानेवारीत आले. मुकादम गफ म्हणून वेल्समधला माणूस, आडदांड, पण पपांना बघून टोपी काढायचा. त्यांनी पुढून सुरुवात केली. १५८३ चा दगड उतरवला तर मागच्या बाजूला आजोबांच्या गवंड्यानं दगडाचा भाव खडूनं लिहून ठेवलेला. तुला फार आवडला असता तो. तुळया म्हणजे नुसत्या फळ्यांच्या पेट्या. गफच्या हाताखालची पोरं त्या खांद्यावर टाकून नाचत होती. पपा माळ्याच्या घराच्या खिडकीतून बघायचे. मी म्हणायचे, इकडे बसा, तर म्हणायचे, "मी पक्षी बघतोय."

पुढचा भाग संपला, दिवाणखाना गेला, राणीची खोली गेली. मग एके सकाळी गफ दारात आला. टोपी हातात, चेहरा विचित्र.

"बाईसाहेब, जरा येता? तुमच्या घराच्या पोटात दुसरं घर निघालंय."

पपा काठी घेऊन उठले. मी म्हटलं बर्फ आहे, पाय घसरेल. "हेस्टर," म्हणाले, "माझा कोट."

बनातीचं दार चौकटीसकट बर्फात पडलं होतं. त्याच्यावर पाय देऊनच आम्ही पलीकडे गेलो. मोलकरणींच्या माळ्याचं गिलाव्याचं छत त्यांनी त्या सकाळी ओढून काढलं होतं. मी वर पाहिलं. लायनेल, मला ते तुला नीट सांगता आलं पाहिजे. एकेक अख्खा ओक उभा चिरलेला आणि त्याचे दोन्ही वाकडे भाग जमिनीपासून वर जाऊन एकमेकांना टेकलेले, प्रार्थनेला हात जोडावेत तसे. अशा जोड्या एकामागून एक, पार टोकापर्यंत. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडाच्या खुंट्या. आणि सगळं काळं कुळकुळीत. डोर्कसच्या चुन्याचे पोपडे खालच्या बाजूला लोंबत होते, त्याच्या वर काजळी.

"वीस घरं पाडली," गफ म्हणाला, "असलं नाही पाहिलं. आजचा दिवस हात लावत नाही, साहेब. तुम्ही लंडनला कळवा."

मी पोस्टापर्यंत बर्फातून धावत गेले आणि टीस्डेलला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो आला. शिडीवर चढला, उतरला तेव्हा तोंड, चष्मा, कॉलर सगळं काळं. म्हणाला, ही इमारत त्या राणीच्याही दीड-दोनशे वर्षं आधीची. धुराडं माहीत नव्हतं तेव्हाची. सगळं घर म्हणजे एकच दालन, मधोमध जमिनीवर चूल, धनी आणि गडी एकाच धुरात बसून जेवायचे. तो धूर वर जाऊन बसलाय. अख्ख्या परगण्यात अशी दुसरी नाही.

मग तो पपांकडे वळला. रागावला नव्हता, अगदी रडकुंडीला आला होता. "सर, मी विचारलं होतं. मला इकडे का नाही आणलंत?"

पपा वरच बघत होते. "तिथे नोकर झोपत," ते म्हणाले.

डोर्कस माझ्या मागे उभी होती, ती पुटपुटली, "आणि मला टोपी दिली." मला वाटलं आता मी मोठ्यानं हसेन किंवा किंचाळेन. दोन्ही केलं नाही. आपल्याला तसं वाढवलेलं नाही.

थोड्या वेळानं पपा माझ्या दंडाला धरून म्हणाले, "एवढी वर्षं आपण पाहुण्यांना चुकीच्या दारानं नेलं." एवढंच. आपले आजोबा बघ, खोटं म्हातारपण विकत घेऊन खऱ्याच्या तोंडावर लावून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तू म्हणायचास घर खोटं आहे, पपा म्हणायचे खरं आहे. तुम्ही दोघं एका खिळ्यावरून इतकी वर्षं अबोला धरून बसलात आणि दोघांपैकी एकालाही ते दार ढकलावंसं वाटलं नाही. मी तिसरी. मीही नाही.

टीस्डेलनं जिवाचं रान केलं, हे मी म्हणेन. विश्वस्तांच्या दारात जाऊन बसला, समितीला तारा केल्या. पण बैल गेला नि झोपा केला. समितीची बैठक मार्चात. ठेका देऊन झालेला. आणि पुढचा भाग पाडल्यावर मागच्याला आधारच उरला नव्हता. सगळा सांगाडा पुढे झुकू लागला होता. गफनं दोर बांधले, टेकू लावले, त्याचं ते काम नसताना. मग ते उत्तरेचं वारं सुटलं. दुपारचं जेवण चाललं होतं. आवाज आला, खिडकीची काच थरथरली, डोर्कसनं चमचा खाली ठेवला. पपांनी मान वर केली नाही. वाटीतलं सूप संपवलं, तोंड पुसलं आणि जाऊन आडवे झाले.

त्यानंतर ते उठले नाहीत.

तुला आधी कळवायला हवं होतं, मला कळतं. रोज लिहायला बसायचे आणि बर्फाचं लिहून फाडायचे. डॉक्टर कसाबसा आला, छातीत कफ झालाय म्हणाला, खोली गरम ठेवा. कशानं ठेवू? कोळसा नव्हता. खुर्च्या जाळल्या, कुंपण जाळलं. कोसळलेल्या सांगाड्याचं लाकूड गफनं एका शेतकऱ्याला गोठ्यासाठी दिलं होतं, पण त्या ओकच्या जोड्यांतला एक तुकडा त्यानं आमच्या दाराशी आणून ठेवला होता. "आठवण म्हणून राहू दे, बाईसाहेब." मी तो पुसून ठेवला होता. तुला पाठवायचं मनात होतं.

डोर्कसनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघींनी करवत धरली. लोखंडासारखं लाकूड, दोघी घामाघूम झालो, त्या थंडीत. शेगडीत घातलं तर आधी पेटेना, आणि मग असं पेटलं की खोली गरम झाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आणि वास आला, लायनेल. जुना धूर, चरबी, भाजलेलं काहीतरी. कोण जाणे किती पिढ्यांची जेवणं त्या लाकडात मुरली होती, ती सगळी त्या खुराड्यात बाहेर पडली.

पपांनी डोळे उघडले. "चूल पेटलीये," म्हणाले. "पाहुणे आलेत का?"

"हो पपा," मी म्हटलं.

"कुठल्या दारानं आणलंस?"

"मागच्या."

मला वाटलं बरं केलंस म्हणतील. माझी फार इच्छा होती तसं म्हणावं.

"त्यांना सांग," पपा म्हणाले, "उशीर केलात."

संध्याकाळी गेले. दुसऱ्याच्या पलंगावर, माळ्याच्या घरात. परवा पुरलं. जमीन इतकी गोठली होती की गफची पोरं पहारी घेऊन आली खड्डा खणायला. डोर्कस टोपी घालून उभी होती, तीच टोपी. टीस्डेलनं फुलं पाठवली.

शेवटी तुझं नाव घेतलं का, हे तू विचारशील. नाही घेतलं. मी गोड काहीतरी लिहू शकले असते आणि तूही विश्वास ठेवला असतास, पण आपल्या घराण्यात तसलं पुष्कळ झालं. तुझ्या पत्रांतल्या दोन-दोन ओळी त्यांनी वाचल्या की नाही, मला खरंच माहीत नाही. मी त्यांच्या खुर्चीवर ठेवायचे आणि नंतर त्या तिथे नसायच्या.

तर बोटीचं. तिकीट काढू नकोस. बघायला काही नाही, भेटायला कुणी नाही, आणि बर्फ वितळला की इथे नांगर फिरणार आहे. हे घरही विश्वस्तांचं, महिन्याभरात सोडायचंय. डोर्कस भाचीकडे जाईल. तिथे तिला जिन्याखालची जागा मिळणार आहे. मी कुणा म्हाताऱ्या बाईंची सोबतीण म्हणून समुद्राकाठी जाईन बहुतेक. त्यांची जाहिरात आली आहे, वाचून दाखवता आलं पाहिजे आणि कुत्रा फिरवता आला पाहिजे. दोन्ही येतं मला.

पत्राच्या वर 'मार्लकोट' लिहिलंय ते सवयीनं. लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडणार होते, पण त्याच्या जागी काय लिहायचं ते सुचेना. म्हणून राहू दिलंय. एवढं एक खोटं माझ्याकडूनही घे.

तुझी बहीण,
हेस्टर